व्हिडिओ 'आणला' की 'काढला'?

पांझराकाठ
आईबाबांच्या लग्नाला पुढच्या महिन्यात ५० वर्षं होतील. घरच्यांसाठी आठवणींची छोटी पुस्तिका करतोय. त्यात माझं एक वाक्य आहे: 'आत्याच्या हळदीच्या रात्री आबांनी धुळ्याहून व्हिडिओ आणला.' मुद्रितं पुतणी तपासते. मराठी चांगलं आहे तिचं. तिनं 'आणला' खोडून 'काढला' केलं आणि समासात लिहिलं, 'काका, व्हिडिओ काढतात, आणत नाहीत.'

म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार, आबांनी हळदीचं चित्रीकरण केलं. आबांनी जन्मात कॅमेरा हातात धरला नव्हता. १९८७ सालच्या त्या रात्री जे आलं ते असं: एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर, तीन कॅसेटी आणि हे सगळं चालवणारा एक पोरगा, रात्रीच्या भाड्यावर. या सगळ्याला मिळून आम्ही 'व्हिडिओ' म्हणायचो. टीव्ही ओट्यावर, खाली गोदड्या, निम्मं गाव अंगणात, उरलेलं शेजारच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर. मध्येच चित्रावर मुंग्या यायच्या. मग तो पोरगा झाकण उघडून फडक्यानं हेड पुसायचा आणि तेवढ्या वेळात कुणीतरी चहाची किटली फिरवायचं. तिसरा पिक्चर संपेपर्यंत कोंबडा आरवलेला असायचा.

परवा घरी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' पाहिला, त्यातून हे सगळं वर आलं. माझे प्रश्न दोन. 'व्हिडिओ आणणे' हे फक्त आमच्याकडचं का? आणि आजच्या वाचणाऱ्याला टीप न देता कसं कळवू?

केळीबाग
रावेरकडेही हेच. फक्त आमच्याकडे व्हिडिओ 'यायचा'. 'आज पाटलाच्या वाड्यात व्हिडिओ येणार आहे' एवढं कानावर पडलं की शाळेत दिवसभर लक्ष नसायचं. कोणता पिक्चर हे कुणी विचारायचंच नाही.

शिरपूरची लेक
अहिराणीत तर ती आरोळीच होती: 'गावमा व्हिडिओ उना!' हे वाक्य मी माझ्या आजीच्या तोंडून ऐकलंय. पांझराकाठदादा, तुमची पुतणी याचं काय करेल? 'गावात चित्रफीत आली'?

लेखणी
चित्रफीत हा शब्द वाईट आहे असं का धरून चालायचं? 'दिग्दर्शक', 'मध्यंतर', 'बोलपट' हे शब्दही एके काळी कानाला टोचलेच असतील. सावरकरांनी सुचवलेले म्हणून जे सिनेमाचे शब्द सांगितले जातात, त्यातले निम्मे आज आपण विचार न करता वापरतो. दादांनी सरळ लिहावं, 'चित्रफिती दाखवणारे यंत्र भाड्याने आणले.' अर्थ चोख कळतो. आपण घरच्या लिखाणातसुद्धा आपले शब्द वापरणार नसू तर ते रुजणार कुठे?

केळीबाग
अर्थ कळतो, रात्र नाही कळत. आबा यंत्र आणायला गेले नव्हते हो.

मोसमकाठ
मी मालेगावचा. जिल्हा नाशिक, पण बोली आणि सोयरीक तुमच्याकडची, म्हणून बोलतो. आमच्या गावात 'व्हिडिओ' ही जागा होती. 'कुठं गेला रे?' 'व्हिडिओत.' एक खोली, काळे पडदे, पुढे टीव्ही, जमिनीवर पोरं. पांझराकाठ यांनी पाहिलेल्या सिनेमात नासिर जे पार्लर चालवतो तेच. आणि खऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला तो व्हिडिओ कॅमेऱ्यावर, म्हणजे आमच्याकडे त्याच शब्दाला 'काढला'ही लागू झालं. एकाच गावात व्हिडिओत बसायचं, व्हिडिओ आणायचा आणि व्हिडिओ काढायचा. कुणाचाही गोंधळ होत नव्हता, कारण क्रियापद सगळं सांगून जायचं. पुतणीनं नेमकं क्रियापदच बदललं, हे मला जास्त लागलं.

जाता जाता: रीमा कागतींचा हा 'सुपरबॉइज' आवडला असेल तर फैजा अहमद खान यांचा माहितीपट 'सुपरमेन ऑफ मालेगाव' जरूर पाहा. २०१२ मध्ये तो थेटरात लागला होता. त्यातला सुपरमॅन झालेला शफिक यंत्रमागावरचा कामगार. मी तो दोनदा पाहिला आणि दुसऱ्या वेळी शेवटाकडे टीव्ही बंद करून बाहेर जाऊन बसलो.

जिभाऊ चोपडेकर
मोसमकाठ, तुम्ही 'थेटरात लागला' लिहिलंत, तिथे थांबलो. टॉकीजला पिक्चर 'लागतो'. व्हिडिओवर तो 'लावतात'. लागतो तेव्हा आपल्या हातात काही नसतं, शुक्रवारी लागला, चालला नाही तर पुढच्या गुरुवारी उतरला. लावताना मात्र लावणारा दिसतो, त्याच्याशी भांडता येतं. आमच्या अंगणात दर वेळी भांडण व्हायचंच: बायकांना आधी देवाचा पिक्चर हवा, पोरांना मारामारीचा. आता माझी नात म्हणते, 'आबा, तो पिक्चर आहे ना मोबाइलवर.' लागणं गेलं, लावणं गेलं, नुसतं 'आहे'. उतरणं तर कुणाला ठाऊकच नाही. चाळीस वर्षांत एका सिनेमाची क्रियापदं एवढी बदलली, आणि आपण नामावरून वाद घालतोय.

शब्दवेडी
जिभाऊ, हे फार आवडलं. माझी भर: व्हिडिओ हे लॅटिनमध्ये मुळात क्रियापदच आहे, अर्थ 'मी पाहतो'. आपल्या 'विद्' धातूचा तो लांबचा भाऊबंद. 'व्हिडिओ देखणं' म्हणजे पाहण्याला पाहणं.

लेखणी
'देखणं' हिंदी आहे. मराठीत पाहणं किंवा बघणं. खानदेशात हिंदीचा हा शिरकाव फार झाला आहे.

शिरपूरची लेक
हे मात्र ऐकून घेणार नाही. ज्ञानेश्वरी उघडा, पानोपानी 'देखणं' भेटेल. ती १२९० ची. 'देखणी मुलगी', 'गणपतीचा देखावा', 'देखरेख' हे शब्द तुम्हीही वापरता, ते कुठून आले? पुण्याकडे क्रियापद मागे पडलं, आमच्याकडे राहिलं. 'रातले व्हिडिओ देखाले चाल' असं माझी आई म्हणायची तेव्हा ती हिंदी बोलत नव्हती. शाळेत मला 'पिक्चर देखला' म्हटलं म्हणून बाकावर उभं केलं होतं. चौथीत होते. त्यानंतर कितीतरी वर्षं वर्गात मी सिनेमाबद्दल बोललेच नाही. तो शब्द अशुद्ध नव्हता, हे कळायला मला कॉलेजात ज्ञानेश्वरी हातात यावी लागली.

लेखणी
ताई, ज्ञानेश्वरीचा मुद्दा मान्य. तुमच्या गुरुजींनी केलं ते चूकच. पण आजच्या पोराच्या तोंडात 'देखलं' येतं ते ज्ञानेश्वरीतून की मालिकांतून, हा प्रश्न उरतोच.

शिरपूरची लेक
आजीकडून येतं.

तापीपल्याड
शिरपूरची लेक, स्मिता पाटील तुमच्याच शिरपूरच्या घराण्यातल्या ना? 'उंबरठा' कुठे बघायला मिळेल सांगा. १९८२ चा आहे. आमच्या काकूनं तो व्हिडिओवरच पाहिला होता, आणि तेवढ्या एका पिक्चरला ती अंगणातून उठून आत गेली नाही. एरवी प्रत्येक पिक्चरला 'पोळ्या राहिल्यात' म्हणून मध्येच जायची. आता ती ७८ वर्षांची आहे, परत पाहायचा म्हणते.

शिरपूरची लेक
हो, वडील शिवाजीराव इथलेच. काकूंना 'उंबरठा' दाखवाच, आणि जमलं तर एकटीनं पाहू द्या. त्यातली स्मिताची सुलभा घर सोडून सुधारगृहाच्या नोकरीवर जाते आणि परत येते तेव्हा घर तिचं राहिलेलं नसतं. मी तो लग्नाआधी पाहिला, लग्नानंतर पाहिला, आणि मागच्या वर्षी मुलगी नोकरीला बाहेरगावी गेली त्या आठवड्यात पाहिला. तिन्ही वेळा वेगळ्या ठिकाणी रडले. पाठोपाठ 'जैत रे जैत' लावा, म्हणजे स्मिताचंच दुसरं रूप दिसेल.

केळीबाग
आमच्याकडे 'उंबरा' म्हणतात, उंबरठा नाही. दोन्हींत फरक आहे का?

जिभाऊ चोपडेकर
बोलण्यात उंबराच. उंबरठा आम्ही पुस्तकात वाचला, नाहीतर पडद्यावर.

शब्दवेडी
उंबराच्या लाकडाशी काही संबंध असावा असं मला कायम वाटत आलंय. यावर वेगळं बोलू या.

पांझराकाठ
सगळ्यांचे आभार. पुस्तिका गुरुवारी छापायला जाते. 'आणला' ठेवायचं असं मी ठरवलं होतं आणि पुढे एक वाक्य वाढवलं होतं: 'पोरगा टेम्पोतून टीव्ही उतरवायला लागला तशी गल्ली भरली.' पुतणी म्हणाली, आता कळतंय, टीप नको.

मग खात्री म्हणून आत्यालाच फोन केला, हळद तिची होती. ती म्हणते, 'व्हिडिओ कुठला रे? आम्ही टीव्ही आणला म्हणायचो. व्हिडिओ तुम्ही पोरं म्हणायचात.' आई आत्याच्या बाजूनं आहे, बाबा माझ्या.

केळीबाग
आत्याला विचारा, घरात आधीपासून टीव्ही होता का? असेल तर 'टीव्ही आणला' कसं म्हणतील?

पांझराकाठ
नव्हता. घरात टीव्ही आला १९९१ मध्ये.