फॉरमॅट न होणारं मेमरी कार्ड: खटपट करायची की मोडून टाकायचं?

जुनी_लेन्स: सरळ मुद्द्यावर येतो. कॉम्प्युटर 'डिस्क राइट प्रोटेक्टेड आहे' (म्हणजे लिहिता-पुसता येणार नाही) म्हणाला की लोक लगेच व्हिडिओ बघून डिस्कपार्ट (डिस्क पुसायची-मांडायची विंडोजची कमांड), रजिस्ट्री (विंडोजची आतली सेटिंग्ज) असले उद्योग सुरू करतात. माझं मत, रोजच्या वापरातलं कार्ड अचानक फॉरमॅट व्हायला नकार देतंय म्हणजे ते संपलंय, फोटो उतरवून घ्या आणि मोडून टाका. फ्लॅश मेमरीचे ब्लॉक लिहून-पुसून झिजतात, राखीव ब्लॉकही संपले की आतला कंट्रोलर लिहिणंच बंद करतो, निदान वाचता तरी यावं म्हणून. खूण सोपी आहे: एखादी फाइल डिलीट करा, कार्ड काढून परत घाला, फाइल जशीच्या तशी हजर! असल्या कार्डावर कुठलंच सॉफ्टवेअर चालत नाही, पैसे देऊन घेतलेलं तर नाहीच नाही.

काउंटरवाला: मोडायची एवढी घाई कशाला राव. मी मोबाइलच्या दुकानात बसतो, 'मेलं' म्हणून आलेली बरीच कार्डं ॲडॉप्टर बदलला की चालू होतात. मायक्रोएसडी ज्या मोठ्या ॲडॉप्टरमध्ये घालतो त्याच्या कडेला लॉकची पिटुकली दांडी असते, ती सैल झाली की आत ढकलताना आपोआप खाली सरकते. गंमत म्हणजे ती दांडी कार्डाच्या सर्किटला जोडलेलीच नसते, ती वर आहे का खाली हे रीडरमधला, म्हणजे कॉम्प्युटरला कार्ड लावायच्या खाचेतला, स्विच चाचपतो. त्यामुळे दांडी तुटून पडली तरी लॉकच समजतो, तिथे सेलोटेपचा तुकडा लावला की काम झालं. आणि रीडरचा स्विचच गेला असेल तर नवंकोरं कार्डही लॉक दाखवणार.

जुनी_लेन्स: भाऊ, रीडर बदलून बघायला माझी ना नाहीच, दोन मिनिटांचं काम आहे. माझा राग त्याच्या पुढच्या खटपटीवर आहे.

कमांडवाले_काका: डिस्कपार्टला उगाच शिव्या देऊ नका. रास्पबेरी पाय या पिटुकल्या कॉम्प्युटरसाठी लिनक्स टाकलेलं कार्ड विंडोजमध्ये लावलं की चिमूटभर पार्टिशन (कार्डाचा एक भाग) दिसतं, बाकीचं गायब, आणि लोक म्हणतात कार्ड गेलं. तिथे डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' करून, म्हणजे सगळं पुसून, नवीन पार्टिशन टाकलं की कार्ड ठणठणीत. रीडओन्लीचा (फक्त वाचा, लिहू नका) नुसता शिक्का बसला असेल तर 'ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली'ने निघतो. एवढं नको असेल तर एसडी कार्डांचे नियम ठरवणाऱ्या एसडी असोसिएशनचा स्वतःचा फॉरमॅटर फुकट आहे, तो वापरा. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट या फॉरमॅटमध्येच ठेवा.

मेघा_टी: काका, त्या 'क्लीन'ची भीती वाटते हो. आमच्या ऑफिसात एकाने सिलेक्ट करताना डिस्कचा आकडा चुकवला, बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क लावलेली होती, तीच साफ. खरंच करू का म्हणून विचारतसुद्धा नाही ती कमांड.

कमांडवाले_काका: नाही विचारत, म्हणून आधी 'लिस्ट डिस्क' करून साइज बघायची. ६४ जीबीचं कार्ड तिथे साधारण ५९ जीबी दिसतं, हार्डडिस्क शेकड्यात. आणि बाकीचे ड्राइव्ह काढून ठेवायचे, अगं तेवढी शिस्त नको का?

कोल्हापूरी_शटर: मी लग्नाच्या ऑर्डरी करतो, मला जुनी लेन्स यांचं पटतं. तुमच्या कमांडने कार्ड जिवंत झालं समजा, पण उद्याच्या मुहूर्ताला ते कॅमेऱ्यात घालायची माझी छाती होणार नाही, अंतरपाट परत धरा म्हणून भटजींना सांगता येत नाही ना. झटका आलेलं कार्ड गाडीत गाणी ऐकायला ठीक. कार्डावरचे फोटो उतरवून घ्यायचे राहिले असतील तर फॉरमॅटच्या नादाला न लागता आधी फोटोरेक हा फोटो परत मिळवायचा प्रोग्रॅम चालवा, फुकट आहे, आणि निघालेले फोटो त्याच कार्डावर सेव्ह करू नका.

मेघा_टी: अजून एक कुणी बोललंच नाही. अँड्रॉइड ६ पासून फोन विचारतो ना, कार्ड इंटरनल स्टोरेज म्हणून वापरायचं का? हो म्हटलं की कार्ड एन्क्रिप्ट होतं, म्हणजे त्याच फोनच्या किल्लीने कुलूपबंद, मग कॉम्प्युटरला ते वाचता येत नाही आणि तो सारखा 'फॉरमॅट करा' म्हणत राहतो. बाबांच्या फोनचं कार्ड असंच होतं, दुकानदार 'करप्ट झालंय, फॉरमॅट मारतो' म्हणत होता, त्याच फोनमध्ये परत घातलं तर सगळे फोटो जागेवर. फोन रीसेट केला असता तर मात्र किल्लीच गेली असती.

काउंटरवाला: बघा, हे कार्ड मोडून टाकलं असतं म्हणजे? आणि वॉरंटी विसरलात काय, कितीतरी कार्डांवर वर्षानुवर्षांची असते. बिल जपा, बदलून घ्या.

जुनी_लेन्स: घ्या की बदलून, पण जे कार्ड पुसताच येत नाही ते द्यायचं म्हणजे आतले आधारचे फोटो, पोरांचे व्हिडिओ सगळं कुणाच्या तरी हातात द्यायचं. काही शेंची वस्तू आहे, मी पक्कड घेऊन दोन तुकडे करतो.

काउंटरवाला: २५६ जीबीचं घेऊन बघा, मग सांगा काही शेंची की किती ते.