'डाईक'ला मराठीत काय म्हणायचं?

साक्रीकर:
भाचीची पीएचडी चालूये. विषय आपल्या धुळे-नंदुरबारकडचे डाईक, म्हणजे साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वी शिलारस भेगेतून वर येताना तिथंच थिजला ते. ती ज्यांच्या बांधावरचे दगड फोडून नेते ते विचारतात पोरी ह्याचं करतेस काय, म्हणून तिच्या कामाची चार पानं मराठीत करून गावात वाटायचीत. अडलोय 'डाईक'वर. परिभाषेत 'भित्ती' आहे, मी 'भिंत' लिहिलं, तर ती म्हणते मामा भिंत कोणीतरी बांधलेली असते.

अमळनेरची:
भिंतच लिहा हो. आमचे आजोबा विहिरी खोदायचे, मुरूम संपून असा काळा उभा दगड लागला की वर ओरडायचे, आठे भीत लागनी, म्हणजे इथं भिंत लागली! एका बाजूला पाणी आणि दहा पावलांवर कोरडं, हे त्यांनी ह्या भितीपायीच पाहिलेलं.

संस्कृतप्रेमी:
भित्ती सोडू नका. मूळ धातू भिद्, म्हणजे फोडणे. हा दगड आधीचे थर फोडूनच वर आलाय, इतका नेमका शब्द दुसरा मिळायचा नाही. इंग्रजी डाईकसुद्धा खंदकाच्या शब्दाचाच भाऊ, आधी खणणं आणि मग बांध.

तापीकाठ:
भिद् बरोबर असेल, पण पानं वाचणाऱ्याला भित्तीवरून भित्तीपत्रक आठवणार. आणि सगळंच मराठी करायचं तर बेसाल्टला 'असिताश्म' म्हणणार का? काळा पाषाण म्हटलं की शेंबडं पोरगं पण समजतं. डाईक लिहा आणि खाली दोन ओळीत सांगा, आपल्याकडच्या लाव्हाच्या थरांना म्हणतात तो 'ट्रॅप' नाही का रुळला, तो तर स्वीडिश, पायऱ्या ह्या अर्थाचा.

अमळनेरची:
ट्रॅप फक्त भूगोलाच्या पुस्तकात रुळलाय. घाटाच्या पायऱ्या म्हणा की सरळ.

संस्कृतप्रेमी:
पायऱ्या झिजून झाल्यात, ट्रॅप हे खडकाचं नाव. आणि 'अग्निजन्य' लिहिणार असाल तर तेही तपासा, 'अग्निज' पुरे, ज मध्येच जन्म आलाय.

तापीकाठ:
शाळेत अग्निजन्यच शिकलो आम्ही, तेच राहू द्या.

साक्रीकर:
अग्निजचं नंतर बघू. परवा तिच्यासोबत गेलो होतो, आजूबाजूचा मऊ खडक वाहून गेलाय आणि हा उभा राहिलाय, त्यात दगडाचे खांब आडवे, रचलेल्या सरपणासारखे, कारण थंडी दोन्ही कडांकडून आत शिरली. कडेचा दगड एकदम बारीक दाण्याचा, मधला जाड. भिंत बांधलेलीच वाटते हो, म्हणून तर मला तो शब्द सुटत नाही. ती वरची कुजकी साल काढून आतला ताजा तुकडा घेते, त्यातलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांशी जुळवते, म्हणजे कुठला लाव्हा कुठल्या भेगेतून आला ते कळावं. मग बांधलेली नसून उगवलेली, असं काही होईल का?

अमळनेरची:
'उगवती भीत'? छान वाटतंय. पण मग थरांमध्ये आडवा शिरतो त्या सिलला काय म्हणायचं?

संस्कृतप्रेमी:
उगवणं बीजाचं असतं. आणि भीत ही बोली आहे, छापायला भित्तीच.

अमळनेरची:
बोली छापायची नाही तर ज्यांनी विहिरीत उतरून तो दगड आधी पाहिला त्यांचा शब्द कुठं ठेवायचा? मी आजच आत्याला विचारते, आजोबा आडव्या दगडाला काय म्हणायचे ते.