बंबाचे जळण फोडण्यासाठी कुऱ्हाड कोणती घ्यावी?

परसदार:
नमस्कार. आमच्या घरी आंघोळीचे पाणी अजूनही बंबावर तापते, त्यामुळे वर्षभराचे जळण पावसाळ्याआधी फोडून पडवीत रचावे लागते. यंदा परसातला जुना आंबा आणि कुंपणाच्या दोन सुबाभळी उतरवून त्यांचे दीड-दीड फुटाचे ओंडके करून घेतले आहेत. घरातली कुऱ्हाड वडिलांच्या वेळची, पातळ पात्याची आणि चांगल्या धारेची आहे. मात्र प्रत्येक घावाला ती ओंडक्यात रुतून बसते आणि फोडण्यापेक्षा ती उपसण्यातच अधिक दम जातो. ऑनलाइन दुकानांत स्प्लिटिंग मॉल नावाचे तीन किलोंचे अवजार दिसते. ते घ्यावे, की लोहाराकडून नवी कुऱ्हाड घडवून घ्यावी? माझे वय ५५ असून उंची साडेपाच फूट आहे.

ऐरण:
आपली कुऱ्हाड तोडण्याची आहे आणि आपण तिच्याकडून फोडण्याचे काम घेत आहात. झाड तोडताना घाव तंतूंना आडवा पडतो, म्हणून तेथे पातळ पाते खोल शिरलेले चांगले. फोडताना घाव तंतूंच्या दिशेनेच पडतो; तेथे धारेने फक्त वाट करून द्यायची असते आणि पुढचे काम पात्याच्या फुगीर गालांनी, पाचरीप्रमाणे, लाकूड दोन्ही बाजूंना रेटून करायचे असते. पातळ पात्याला गालच नसल्यामुळे ते अडकते. म्हणून कुऱ्हाड घेताना ती वरून पाहावी: धारेपासून नेढ्याकडे, म्हणजे दांडा बसवायच्या भोकाकडे, जाडी झपाट्याने वाढत गेलेली दिसली पाहिजे.

वजनाच्या बाबतीत मात्र मोह टाळावा, असे माझे ठाम मत आहे. वजन दुप्पट केले तर घावाची ऊर्जा दुप्पट होते, परंतु वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. त्यामुळे तीन किलोंचे अवजार उचलताना दहाव्या घावालाच हात मंदावणार असतील, तर दीड ते दोन किलोंची कुऱ्हाड आपल्याला दिवसभरात अधिक लाकूड फोडून देईल. लोहाराकडे जाणार असाल, तर ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्याचे पोलाद वापरायला सांगावे आणि पाणी फक्त धारेला द्यायला, म्हणजे तापवून व बुडवून तेवढाच भाग कडक करायला, सांगावे. नेढ्याचा भाग कडक झाला, तर तो तडकण्याची भीती असते.

रानवाट:
कुऱ्हाडीइतकेच लाकडाकडेही लक्ष द्यावे. सुबाभूळ ओली आहे तोवरच फोडून घ्यावी, वाळल्यावर ती फार त्रास देते. ओंडक्याच्या तोंडावर आधीच चीर पडलेली असेल, तर घाव तिच्या रेषेत घालावा. मोठा ओंडका मधोमध न फोडता कडेकडेने ढलपे काढत यावे. बंबाच्या नळीत मावतील इतके बारीक तुकडे करायला शेवटी कोयताच बरा.

परसदार:
दोघांचेही मनापासून आभार. लोहाराकडेच जाण्याचे ठरवतो. आणखी एक विचारतो: उन्हाळ्यात दांडा नेहमी ढिला होतो, म्हणून मी कुऱ्हाड रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवतो. हे योग्य आहे का?

सुतारमेट:
कृपया हे थांबवावे. पाण्याने दांडा फुगतो खरा, पण नेढ्याच्या लोखंडात त्याला फुगायला जागा नसल्याने त्याचे तंतू आतल्या आत चेपतात. वाळल्यावर तो आधीपेक्षाही बारीक होतो आणि एखाद्या घावाला पाते निसटून समोरच्या माणसाच्या अंगावर जाऊ शकते. पूर्ण वाळलेल्या लाकडाचा दांडा घट्ट बसवून वरून सुकी पाचर ठोकावी आणि वर्षातून एक-दोनदा दांड्याला जवसाचे तेल चोळावे. लाकूड धामणीचे मिळाले तर उत्तम, नाहीतर सरळ तंतूंची, गाठ नसलेली बाभूळ घ्यावी. दांड्याची लांबी आपल्या उंचीला पावणेतीन फूट ठेवावी. तो फार आखूड असेल, तर चुकलेला घाव जमिनीऐवजी नडगीवर येतो. ओंडका ठेवायचा ठोकळा गुडघ्यापेक्षा खाली असावा.

आणि आंब्याच्या गाठाळ ओंडक्यात कुऱ्हाड अडकलीच, तर तिच्या पाठीवर घण मारू नये. नेढे पसरते आणि लोखंडाची कपची डोळ्यात उडू शकते. अशा ओंडक्यांसाठी एक लोखंडी पाचर त्याच लोहाराकडून करून घ्यावी.