मदत हवी आहे: पुतण्याचं रेडिएशन टाळलं तर चालतं का?

नमस्कार मंडळी. आम्ही अंबाजोगाईजवळचे. पुतण्या 9 वर्षांचा. मानेतल्या गाठीवर चार महिने टीबीची म्हणून औषधं चालली, शेवटी बायोप्सीत हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर निघाला. स्टेज 2, ताप नाही, वजन घटलेलं नाही. संभाजीनगरला किमो चालू आहे. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी भूक अशी खवळते की लेकरू रात्री दोनला उठून भाकर अन् शेंगदाण्याची चटणी मागतं.

डॉक्टर म्हणतात, किमोच्या दोन सायकलनंतर (फेऱ्यांनंतर) पेट स्कॅन (PET, कॅन्सर अंगात कुठं उरलाय ते दाखवणारी तपासणी) करू. औषध नीट लागू पडलं असेल तर रेडिएशन नको. लहानपणी मानेला रेडिएशनचा शेक दिला की पुढं थायरॉइडचा त्रास, हाडांची वाढ खुंटणं, मोठेपणी दुसऱ्या कॅन्सरचा धोका. म्हणून जोखीम बघून उपचार ठरवतात. मला पटलं. पण आमचे अण्णा म्हणतात, गरीब बघून अर्धाच इलाज करायलेत. त्यांना कसं समजावू?

कुणाच्या लेकराचं रेडिएशन असं टळलंय का? त्याला किती वर्षं झाली? पेट स्कॅन महात्मा फुले योजनेत बसला का? आणि किमोनं पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना गावात रात्री ताप आला तर तुम्ही आधी कुठं नेलं? संभाजीनगर गाठायला आम्हाला चार-पाच तास लागतात.