धंदा चांगला चालतो पण होम लोन बसत नाही, रिटर्न कमी दाखवलाय, काय करू?

ग्राइंडर_नाशिक
नमस्कार मंडळी. सातपूरला माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, गेट, ग्रील, शेडची कामं, दोन पोरं हाताखाली, नऊ वर्षं झाली. पाथर्डी फाट्याला एक 2 बीएचके बघितलाय, 36 लाख सांगतात, 51 हजार टोकन देऊन बसलोय, लोन 28 लाख तरी पाहिजे. काल बँकेत गेलो तर साहेबांनी इन्कम टॅक्स रिटर्नचं पान काढलं आणि पेन्सिलीने वर्षाच्या उत्पन्नाच्या आकड्याला गोल केला, 2 लाख 54 हजार. म्हणाले यावर बारा लाखाच्या वर जाणार नाही. मी म्हटलं साहेब उलाढाल 38 लाखाची आहे, सगळा खर्च जाऊन महिन्याला 60-65 हजार उरतात, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) 771 आहे, आजवर एक हप्ता चुकला नाही. ते म्हणाले मला कागद दिसतो. सीए दरवर्षी कमीत कमी दाखवू म्हणायचे आणि मी सही करायचो, कधी विचारलंच नाही. सहा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहतोय, आईला तिसऱ्या मजल्यावर चढवत नाही, फार जीव लागलाय त्या घरात. आता एक एजंट म्हणतोय 15 हजार द्या, तीन वर्षांचे मोठ्या आकड्याचे रिटर्न बनवून देतो. घेऊ का? मिसेस खाजगी शाळेत आहे, पगार 17 हजार बँकेत जमा होतो.

फाईलवाला
दादा आधी त्या एजंटला नाही सांगा, आजच. होम लोनच्या फाईली बघण्यात माझी बारा वर्षं गेलीत. रिटर्नच्या पावतीवर भरल्याची तारीख असते, 26एएस (पॅनवर कापलेल्या-भरलेल्या कराचा सरकारी उतारा) काढला जातो, जीएसटीचे रिटर्न आणि बँक स्टेटमेंटशी आकडे जुळवतात. दोन-तीन वर्षांचे रिटर्न एकाच आठवड्यात भरलेले दिसले की फाईल तिथेच बाजूला पडते, आणि कागद खोटा निघाला तर फसवणुकीची केस होते.

बारा लाख कुठून आले ते सांगतो. 2.54 लाख म्हणजे महिन्याला साधारण 21 हजार, त्याच्या अर्ध्यापर्यंत हप्ता धरतात, साडेदहा हजार. साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षं धरली तर लाखाला 868 रुपये हप्ता पडतो, म्हणून बारा लाख. मिसेसना को-ॲप्लिकंट म्हणजे सहअर्जदार घेतलं तर 38 हजार होतात, हप्ता 19 हजार, म्हणजे 22 लाखापर्यंत पोचाल. 28 लाखाला हप्ता 24,300 येतो, त्याला घरात महिन्याला पन्नासेक हजाराचं उत्पन्न कागदावर लागतं. तुमच्याकडे ते आहे, फक्त कागदावर नाही.

तुमचे रिटर्न 44एडी मध्ये, म्हणजे छोट्या धंद्याचा नफा उलाढालीच्या टक्क्यांवर धरायच्या कलमात, भरलेले असणार. त्यात बँकेतून आलेल्या पैशावर 6 टक्के आणि रोखीवर 8 टक्के नफा धरतात, पण हा किमान आकडा आहे, खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो आणि त्यासाठी 44एडी सोडायचीही गरज नाही. आणि खरं सांगू, मला वाईट याचं वाटतं की लोक आता कर नसतानाही उत्पन्न लपवतात, निव्वळ जुन्या सवयीने! 2023 च्या बजेटपासून नवीन रिजीममध्ये (नव्या करपद्धतीत) 7 लाखापर्यंत कर शून्य होता, 2025 च्या बजेटने ते 12 लाखावर नेलं. तुमचे साडेसात लाख खरे दाखवले तरी या वर्षी कर शून्य. मग ते अडीच लाख कुणासाठी दाखवले होते हो?

शिवणताई_सांगली
भाऊ माझंही असंच झालं होतं, ब्लाउज-ड्रेसचं दुकान, रिटर्न दोन लाखाचा, दोन बँकांनी परत पाठवलं. मी रडले अक्षरशः. मग दोन वर्षं खरा नफा दाखवला, गिऱ्हाईकाचे रोख पैसे गल्ल्यात न ठेवता दर सोमवारी करंट अकाउंटला भरायला लागले, गुमास्ता होताच, उद्यम (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) काढलं. तिसऱ्या वर्षी त्याच बँकेने 19 लाख दिले. एक चूक मात्र करू नका, मी घाईघाईत पाच ठिकाणी अर्ज टाकले, प्रत्येक वेळी सिबिलला चौकशी पडली आणि स्कोअर खाली आला, लॉगिनची (अर्ज दाखल करायची) फी गेली ती वेगळीच.

फाईलवाला
ताई बरोबर बोलल्या. थांबायचंच नसेल तर हाउसिंग फायनान्स कंपन्या बँकिंग सरोगेटवर लोन करतात, म्हणजे करंट अकाउंटला ठरलेल्या तारखांना सरासरी किती बॅलन्स राहतो ते बघून उत्पन्न धरतात. तुमचे पैसे बँकेतूनच येत असतील तर बसू शकेल. व्याज जास्त असतं, पण फ्लोटिंग म्हणजे बदलता रेटच घ्या, वैयक्तिक होम लोनला फ्लोटिंगवर फोरक्लोजर चार्ज (मुदतीआधी लोन फेडण्याचा दंड) लागत नाही, दोन चांगले रिटर्न झाले की बँकेत ट्रान्सफर करता येतं. आणि एक हिशोब चुकवू नका, 30 ते 75 लाखाच्या लोनला घराच्या किमतीच्या 80 टक्केच मिळतात, 30 लाखापर्यंत 90, त्यामुळे 28 ला अडचण नाही, पण स्टँप ड्यूटी आणि नोंदणी खिशातूनच.

घरकुल_ठाणे
स्टँप ड्यूटीचं निघालंय म्हणून, घर फक्त मिसेसच्या एकटीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात 1 टक्का सूट आहे. 36 लाखावर 36 हजार वाचतात. जॉइंट नावावर मिळत नाही.

ग्राइंडर_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटला सकाळी नाही सांगून टाकलं. सीएंना फोन केला, यावर्षी खरा आकडा टाका म्हटलं, ते म्हणाले तुम्ही कधी लोनचं बोललाच नाही. दोन वर्षं थांबण्याची तयारी आहे, पण आईचं वय बघता हे घर हातचं जाऊ द्यायला मन होत नाही, म्हणून सरोगेटचं आधी एकाच ठिकाणी विचारणार. आता टोकनची पावती काढून बघितली तर लोन झालं नाही तर पैसे परत असं काहीच लिहिलेलं नाही.

फाईलवाला
मग उद्याच बिल्डरकडे जा, पावतीच्या मागे हाताने का होईना ते वाक्य लिहून सही-शिक्का घ्या. ॲग्रीमेंट रजिस्टर होण्याआधी 10 टक्क्यांच्या वर पैसे मागायला रेरात (घरखरेदीदारांसाठीच्या कायद्यात) मनाई आहे, म्हणजे 3.6 लाखाच्या वर दमडी देऊ नका. आणि सँक्शन लेटर (लोन मंजुरीचं पत्र) हातात आल्याशिवाय ॲग्रीमेंटवर सही नको, कितीही घाई केली तरी.