सेन्सर बदलूनही पी०१२३ हा कोड पुन्हा का येतो?

प्रश्न :
माझी २००७ सालची पेट्रोल कार केबलच्या थ्रॉटलची (पेडलच्या केबलने उघडणारी, इंजिनात हवा सोडणारी झडप) आहे. दोन महिन्यांपासून खड्ड्यांच्या रस्त्यावर ती मध्येच गचके देते, आयडलिंग वाढते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर दरवेळी पी०१२३ हाच कोड दिसतो. थ्रॉटल पोझिशन सेन्सर (थ्रॉटल किती उघडले ते सांगणारा) नवा बसवला, पण चौथ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. आता मेकॅनिक ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बदलायला सांगत आहेत. तो खर्च करावा का?

पहिले उत्तर :
कृपया इतक्यात ईसीयू बदलू नका. पी०१२३ चा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नसून ‘सेन्सरकडून येणारा व्होल्टेज मर्यादेपेक्षा जास्त’ एवढाच आहे, आणि हा फरक लक्षात न घेतल्यामुळे चांगले सेन्सर उगाच बदलले जातात. या सेन्सरला तीन वायरी असतात : ईसीयूकडून येणारे ५ व्होल्ट, ‘अर्थ’ (अर्थिंगची, म्हणजे निगेटिव्हकडची वायर) आणि सिग्नल. थ्रॉटल बंद असताना सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर साधारण ४.५ व्होल्ट असतो. अर्थची वायर तुटली, तर सेन्सरमधून प्रवाहच वाहत नाही आणि पेडलवर पाय नसतानाही सिग्नल थेट ५ व्होल्टच्या जवळ जातो. खड्ड्यातच त्रास होतो, म्हणून मला पहिला संशय या वायरीचा येतो.

कनेक्टर जोडलेलाच ठेवून, चावी ऑन आणि इंजिन बंद अशा स्थितीत, मल्टिमीटरची एक पिन कनेक्टरच्या मागून अर्थच्या वायरीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. तेथे ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवे. मग वायरिंग हाताने हळूहळू हलवत जा. आकडा एकदम उसळला, तर दोष तिथेच आहे. इन्सुलेशन वरून धड दिसले तरी आतली तार तुटलेली असू शकते.

दुसरे उत्तर :
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. एवढेच सांगतो की कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेममधील नोंद, म्हणजे कोड आला त्या क्षणीचा वेग, आरपीएम आणि थ्रॉटलची टक्केवारी, लिहून ठेवा. एकदा पुसली की ती परत मिळत नाही. सेन्सरमधली कार्बनची पट्टी झिजली असती, तर पेडल हळूहळू दाबताना एका ठरावीक जागी व्होल्टेज मध्येच तुटला असता, आणि काट्याच्या जुन्या मीटरवर ते डिजिटल मीटरपेक्षा चटकन कळते.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. कनेक्टरपासून चार बोटांवर वायर हलवताच ०.०३ चा आकडा थेट ४ व्होल्टच्या वर गेला. इन्सुलेशन सोलल्यावर तार हिरवी पडून तुटलेली दिसली. तेवढा तुकडा बदलून सोल्डर केला आणि वरून हीट श्रिंक नळी चढवली. त्याच रस्त्यावरून तीन आठवडे गाडी चालवतो आहे, कोड पुन्हा आलेला नाही. जुना सेन्सरही तपासला, तो पूर्णपणे चांगला निघाला.