मदत हवी आहे: टेनिस प्रशासक आर. के. खन्ना यांच्यावर लेख, १९७४ च्या आठवणी कुणाकडे आहेत?

नमस्कार मंडळी. आमच्या सोलापूरच्या टेनिस ग्रुपची स्मरणिका निघतेय. त्यात आर. के. खन्ना यांच्यावरचा लेख मी लिहितेय आणि गाडी एका जागी अडलीय.

दिल्लीच्या टेनिस स्टेडियमला त्यांचं नाव आहे एवढं बहुतेकांना माहीत असतं. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी ते उभं राहिलं आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं टेनिसही तिथेच झालं. खन्ना अखिल भारतीय टेनिस संघटनेचे सचिव, पुढे अध्यक्ष. त्यांचे चिरंजीव अनिल खन्ना नंतर आशियाई टेनिस महासंघाचे अध्यक्ष झाले. पण नुसती पदांची जंत्री दिली तर आमच्या पोरांनी ती का वाचावी?

मला लिहायचंय ते कोर्टाबाहेरच्या कामाबद्दल. इथे कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलात महिलांची आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धा झाली, तेव्हा सामन्याआधी स्पर्धेची माणसं नेटची मधली उंची मोजत होती. बरोबर तीन फूट. पट्टा जरासा सैल निघाला, तो ओढून पुन्हा मोजला. आमच्या मुली डोळे विस्फारून बघत होत्या. रँकिंगचे गुण मिळवायला दरवेळी परदेशवारी परवडणारी घरं आपल्याकडे किती? स्पर्धा गावात आली की पहिला गुण घराजवळ मिळू शकतो. त्यासाठी कोर्ट, अंपायर, पैसा आणि महासंघाची मंजुरी हे सगळं कुणीतरी वर्षानुवर्षं जमवत राहावं लागतं. प्रशासकाचं मोल मला इथे दिसतं.

दुसरी बाजू १९७४ ची. भारताने पुण्यात सोव्हिएत संघाला ३-१ ने हरवून डेव्हिस कपची, म्हणजे देशादेशांमधल्या पुरुषांच्या सांघिक टेनिस स्पर्धेची, अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका. वर्णभेदाच्या निषेधार्थ भारत खेळलाच नाही आणि कप न खेळता त्यांच्याकडे गेला. आपले विजय आणि आनंद हे अमृतराज बंधू ऐन भरात होते. खेळाडूंच्या तोंडचा घास गेला हे खरंच, तरी मला तो निर्णय योग्यच वाटतो. मात्र त्या दिवसांत संघटनेत काय चर्चा झाली, त्यात खन्नांची बाजू काय होती, हे पक्क्या आधाराशिवाय लिहायचं नाहीये.

तर मदत अशी हवी आहे:

पुण्याचा तो सामना प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी आहे का? घरातले आजोबा-काका असतील तर कृपया विचारा. त्या काळची मराठी वर्तमानपत्रं तारखेनुसार कुठल्या ग्रंथालयात चाळता येतील? हिराचंद नेमचंद वाचनालयात मी जाणारच आहे, पण पुण्या-मुंबईतलं ठिकाण कुणी सुचवलं तर एका फेरीत काम होईल. आणि १९८२ च्या वेळी दिल्लीत स्वयंसेवक किंवा लाइन अंपायर म्हणून काम केलेलं कुणी ओळखीचं असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, मी स्वतः फोन करीन.

कात्रणाचा मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल. फक्त वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख त्यात दिसू द्या.